उघडं फ्रॅक्चर, पण ऑपरेशन नोटमध्ये गस्टिलो टाइपच नाही. सातवं कॅरॅक्टर बी की सी?

कोयनाकाठची

नमस्कार मंडळी. मी हिंजवडीत एका अमेरिकन ऑर्थोपेडिक ग्रुपचं प्रो-फी कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरांच्या नोट वाचून बिलासाठी आजार-उपचारांचे कोड लावते; हॉस्पिटलचं नव्हे, सर्जनचं बिल. शिक्षण बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपी. दोन वर्षं क्लिनिकमध्ये पेशंटना वॉकर धरून चालवलं, मग इकडे वळले. ऑर्थोच्या टीमवर येऊन चौदा महिने झाले. गेल्या आठवड्याच्या ऑडिटमध्ये माझ्या वीस चार्टमध्ये दोन एरर निघाल्या. दोन्ही एकाच पेशंटच्या. रिबटल (ऑडिटवर हरकत) टाकायचं की गप्प मान्य करायचं, ते ठरत नाहीये, म्हणून इथे विचारते.

पेशंट चाळिशीतला, मोटरसायकलवरून पडलेला, उजवा पाय. (ओळख पटेल असं काही लिहीत नाही, तपशील मुद्दाम मोघम ठेवलेत.) इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी "उजव्या टिबिया-फिबुलाचं ओपन फ्रॅक्चर" असं लिहिलंय, म्हणजे गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडून कातडीही फाटलेली. ऑर्थोच्या नोटमध्ये नडगीच्या पुढच्या आतल्या अंगाला सहा सेंटिमीटरची जखम, त्यात माती आणि खडीचे कण, टिबियाच्या शाफ्टचा मधला भाग कम्युनिटेड. त्याच रात्री ओटीत घेतलं. ऑपरेशन नोट चांगली दीड पान आहे. किती लिटर सलाइनने धुतलं, नेल (हाडात घालायची सळई) किती जाडीचं, वर किती लॉकिंग स्क्रू आणि खाली किती, कातडीला कुठला धागा, सगळं आहे. हाडावरचं आवरण, म्हणजे पेरिऑस्टियम, सुटलं होतं हेही आहे. गस्टिलो टाइप, म्हणजे उघडं फ्रॅक्चर किती गंभीर ते सांगणारा प्रकार, मात्र कुठेच नाही. मी ती नोट तीनदा वाचली. मग "टाइप", "ग्रेड", "गस्टिलो" असे शब्द टाकून अख्खा चार्ट शोधला. भूलतज्ज्ञांची नोटसुद्धा वाचली. नाही म्हणजे नाही.

आयसीडी-१० कोडमध्ये फ्रॅक्चर उघडं की बंद आणि उपचार कुठल्या टप्प्यावर, हे शेवटचं, सातवं कॅरॅक्टर सांगतं; सुरुवातीच्या उपचारांत बी टाइप एक-दोनला, सी टाइप तीनला. मी टिबियाला एस८२.२५१सी दिला आणि फिबुलाला एस८२.४०१सी. माझा विचार असा: जखम सहा सेंटिमीटर, आत माती, हाडाचे तुकडे, पेरिऑस्टियम सुटलेलं. हे टाइप दोन कसं असेल? फिजिओला असताना असे पाय मी हातात धरलेत. ऑडिटरने दोन्हीकडे सी खोडून बी केलं आणि शेरा मारला, "टाइप डॉक्युमेंटेड नाही".

दुसरी एरर त्याच पेशंटच्या दहाव्या आठवड्याच्या व्हिजिटची. जखम भरलेली, टाके कधीच निघालेले, पेशंट अर्धं वजन टाकून चालतोय. कातडी बंद आहे म्हणून मी क्लोज्ड धरलं आणि डी (बंद, नीट भरतंय) लावला. ऑडिटर म्हणतो ई (उघडं, नीट भरतंय). एक्स-रेमध्ये "कॅलस कमी" असं होतं, म्हणजे जुळताना बनणारं नवं हाड कमी. तिथे डिलेड हीलिंगचा मोह झाला होता, पण तो आवरला. तेवढं तरी बरोबर आलं.

आता हे मनाला इतकं का लागलं, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमच्या बाबांची गाडी कराड-पाटण रस्त्यावर घसरली आणि उजवा पाय मोडला. तालुक्याच्या गावी एका खासगी हॉस्पिटलात नेल टाकला. बाबा अजून काठीशिवाय अंगणाबाहेर जात नाहीत. गेल्या महिन्यात त्यांना पुण्यात दुसऱ्या ऑर्थोपेडिक सर्जनना दाखवलं. त्यांनी एक्स-रे खिडकीकडे धरला, हाड जुळलेलं दिसत नाही म्हणाले, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "त्या वेळी जखम होती का? केवढी? हाड बाहेर आलं होतं का?" मी तेव्हा पुण्यात हॉस्टेलवर होते. आईला रक्त आठवतं, बाकी काही नाही. बाबांना तर काहीच आठवत नाही. मी पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढलं. त्यावर निळ्या शाईत एवढंच: "# बोथ बोन लेग, राइट. नेलिंग डन. पंधरा दिवसांनी दाखवणे."

दिवसभर मी दुसऱ्यांच्या चार्टमध्ये जो शब्द शोधत असते, तोच माझ्या बापाच्या कार्डावर नव्हता. म्हणून मला खरंच समजून घ्यायचंय. नोटमध्ये टाइप नसेल, पण वर्णन सगळं असेल, तर कोडरने काय करायचं?

ऐरोलीकर

ताई, आधी बाबांना लवकर बरं वाटो.

मी अकरा वर्षं या कामात आहे, त्यातली सहा ऑडिटमध्ये. तुमच्या दोन्ही एरर बरोबर काढल्यात. रिबटल टाकू नका, टिकणार नाही. पण का, ते नीट सांगतो, कारण ट्रेनिंगमध्ये हे घाईघाईत उरकतात.

टॅब्युलरमध्ये, म्हणजे कोडच्या क्रमवार यादीत, एस८२ उघडा आणि कोडकडे न जाता आधी वरच्या नोट्स वाचा. सरकलंय की नाही ते लिहिलेलं नसेल तर डिस्प्लेस्ड. उघडं की बंद ते लिहिलेलं नसेल तर क्लोज्ड. हे दोन्ही डीफॉल्ट तिथेच छापलेत. मग खाली सातव्या कॅरॅक्टरच्या यादीत बी बघा. त्यासमोर टाइप एक किंवा दोन आहेच, शिवाय त्याखाली "ओपन फ्रॅक्चर एनओएस" असंही आहे. म्हणजे उघडं आहे पण टाइप सांगितलेला नाही, अशा फ्रॅक्चरची जागा पुस्तकाने आधीच ठरवून ठेवलीय, ती बी. सी फक्त तीन-ए, तीन-बी आणि तीन-सीसाठी, आणि ते डॉक्टरांनी लिहिलेलं हवं. जखम किती सेंटिमीटर यावरून टाइप काढणं म्हणजे निदान करणं. तुम्ही बीपीटी आहात, मी बीएचएमएस आहे, आमच्या टीमवर दोन डेंटिस्ट आहेत. खुर्चीत बसल्यावर आपण सगळे कोडर. तुमचा अंदाज बरोबरही असेल, पण तो तुमच्या सहीने चार्टमध्ये जाऊ शकत नाही.

पण बी लावून गप्प बसणं हाही अर्धाच उपाय. वर्णन टाइप तीनकडे झुकत असताना टाइप नसेल, तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न, टाकायची जागा हीच. तुमच्या प्रोजेक्टवर क्वेरीची सोय आहे ना? असेल तर ऑडिटरनेही शेऱ्यात "क्वेरी करायला हवी होती" असं लिहायला हवं होतं. त्यांना तसं कळवा, त्यात वाद नाही.

आता डी आणि ई. ही चूक मी दर बॅचमध्ये बघतो आणि दर वेळी तळमळतो. सातवं कॅरॅक्टर कातडीकडे बघत नाही, हाड मोडलं त्या दिवसाकडे बघतं. त्या दिवशी उघडं होतं ना? मग शेवटपर्यंत उघडंच. पाठ करायची सोपी रीत सांगतो. पहिले तीन, ए-बी-सी, उपचार चालू असतानाचे. त्यानंतर तीन-तीनचे चार गट: डी-ई-एफ नीट भरतंय, जी-एच-जे उशिरा भरतंय, के-एम-एन जुळलंच नाही, पी-क्यू-आर वाकडं जुळलं. प्रत्येक गटात पहिलं अक्षर बंद फ्रॅक्चरचं, दुसरं टाइप एक-दोनचं, तिसरं टाइप तीनचं. आय, एल आणि ओ ही अक्षरं वापरलेलीच नाहीत, त्यामुळे बोटांवर मोजताना गडबड होते. शेवटी एस, ते मागे राहिलेल्या परिणामांसाठी. टोरस फ्रॅक्चरना ही सगळी रांग नाही, कारण लहान मुलाचं दबलेलं हाड उघडं कुठून असणार.

यावरून ध्यानात येईल की पहिल्या रात्री टाइप लिहायचा राहिला, तर तो एकाच बिलात राहत नाही. दहाव्या आठवड्याला ई की एफ, सहाव्या महिन्यात हाड जुळलं नाही तर एम की एन, हे सगळं त्याच एका शब्दावर अडतं. आणि हाड न जुळल्याचं ऑपरेशन केलं म्हणून परत ए-बी-सीकडे जायचं नाही. पूर्वी उपचार झालेल्या फ्रॅक्चरचं नॉनयुनियन के-एम-एनमध्येच. पेशंटने मुळात उपचारच उशिरा घेतले असतील, तर मात्र पहिल्या गटातलं अक्षर.

ए-बी-सी म्हणजे पहिली व्हिजिट, असंही कुणी समजू नका. तिसऱ्या दिवशी परत डिब्राइडमेंटला (जखम साफ करून मेलेला भाग काढायला) नेलं, किंवा दुसऱ्या सर्जनने पुढचे उपचार हाती घेतले, तरी सक्रिय उपचार चालू आहेत तोवर तेच अक्षर. प्लास्टर बदलणं, हाड भरतंय का म्हणून एक्स-रे, नेल काढणं, हे पुढच्या गटांत.

फिबुलाबद्दल. प्रत्येक हाडाला आपलं सातवं कॅरॅक्टर असतं. इमर्जन्सी नोटमध्ये "टिबिया-फिबुला ओपन" आहे, म्हणून दोन्हीकडे बी चालेल. पण सर्जनने "ओपन टिबिया, सोबत फिबुलाचं फ्रॅक्चर" असं लिहिलं असतं, तर फिबुला ए. जखम एकच आहे म्हणून उघडेपणा दोघांत वाटायचा नाही.

जाता जाता दोन गोष्टी. उघड्या फ्रॅक्चरवर एस८१ची (उघड्या जखमेच्या कोडची) जखम वेगळी लावू नका, तिथे एक्सक्लूड्स वन आहे, म्हणजे दोन्ही कोड एकत्र लावायचे नाहीत अशी टीप. आणि एक्स-रेचं म्हणाल, तर डॉक्टरांनी फ्रॅक्चर लिहिलेलं असेल तेव्हा नेमकी जागा रेडिओलॉजीच्या रिपोर्टवरून घेता येते. २०१३च्या पहिल्या तिमाहीच्या कोडिंग क्लिनिक या कोडिंगच्या सल्ला-पत्रिकेत हे आलंय. गस्टिलो टाइप तसा घेता येणार नाही, तो फिल्मवर दिसतच नाही.

तुमचं प्रोसिजर कोडिंग तपासलेलं दिसत नाही, पण २७७५९ (टिबियात नेल टाकण्याचा कोड) दिला असेल तर फिबुलासाठी वेगळं काही नको, वर्णनातच "फिबुलासह किंवा शिवाय" आहे. डायग्नोसिसमध्ये दोन हाडं, प्रोसिजरमध्ये एक. आणि डिब्राइडमेंट ११०१० की ११०११ की ११०१२ हे खोलीवर ठरतं. हाडापर्यंत केलं असेल तर नोटमध्ये हाड हा शब्द हवा.

ऑर्थो_मिरज

मी कोडर नाही. गेली अठरा वर्षं हाडांची ऑपरेशनं करतो, शिक्षण मिरजेलाच झालं. माझी भाची ऐरोलीत तुमच्यासारखंच काम करते, तिने हा धागा पाठवला. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

टाइप का राहतो, ते ओटीच्या बाजूने सांगतो. पेशंट कॅज्युअल्टीत येतो तेव्हा पायाला कुणाचा तरी टॉवेल नाहीतर ओढणी गुंडाळलेली असते, रक्ताने चिकटलेली. आम्ही ती एकदाच उघडतो, फोटो काढतो, सलाइनचं ओलं ड्रेसिंग ठेवतो, स्लॅब लावतो, अँटिबायोटिक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन देतो. त्या वेळी दिसणाऱ्या जखमेवरून टाइप सांगणं धोक्याचं असतं. वर एक सेंटिमीटरचं भोक असतं आणि आत बोट घातलं की पोटरीचा स्नायू लगदा झालेला लागतो. खरा टाइप ओटीत कळतो, धुऊन आणि मेलेला भाग काढून झाल्यावर. म्हणून कॅज्युअल्टीच्या नोटमध्ये तो नसणं समजू शकतो. ऑपरेशन नोटमध्ये नसणं ही आमची चूक आहे, आणि रात्री अडीच वाजता नोट सांगताना ती होते. नेलची जाडी लिहिली जाते, कारण इम्प्लांटचं स्टिकर समोर चिकटवलेलं असतं. टाइपचं स्टिकर नसतं.

वर्गीकरण गस्टिलो आणि अँडरसन यांनी १९७६ साली मांडलं. टाइप एक म्हणजे एक सेंटिमीटरहून लहान, स्वच्छ जखम. टाइप दोन एक सेंटिमीटरहून मोठी, पण मऊ भागाची फारशी नासधूस नाही. बाकी सगळं तीनमध्ये. ते तीन फारच मोठं झालं म्हणून १९८४मध्ये त्याचे तीन भाग केले. तीन-एमध्ये हाड झाकायला पुरेसं मांस-कातडं उरतं. तीन-बीमध्ये हाड उघडं पडतं आणि बहुधा प्लास्टिक सर्जनना बोलावून फ्लॅप करावा लागतो, म्हणजे दुसरीकडचं मांस-कातडं आणून झाकावं लागतं. तीन-सीमध्ये धमनी तुटलेली असते आणि ती जोडावी लागते.

ताईंनी वर्णन केलेल्या पायात जखम टाक्यांनी बंद झाली म्हणजे फ्लॅप लागला नाही, आणि धमनीचा उल्लेख नाही. जोराचा मार लागून हाडाचा चुरा झाला असेल तर जखमेच्या आकाराकडे न बघता आम्ही तीन म्हणतो. तरीही, पाय न बघता मी टाइप सांगणार नाही. त्या सर्जनने आत काय बघितलं ते त्याचं त्यालाच माहीत. ऐरोलीकर म्हणाले तेच खरं, त्यालाच विचारा.

आपल्याकडे कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलने टिबियाच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी स्वतंत्र स्कोअर तयार केलाय. कातडी, हाड, स्नायू-कंडरा आणि पेशंटचे बाकीचे आजार, प्रत्येकाला वेगळे गुण. तीन-ए आणि तीन-बीमधला पाय वाचवायचा कसा, हे ठरवायला तो मला गस्टिलोपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण तीन-बी म्हटलं की आत फार वेगवेगळे पाय येतात. पण तुमच्या कोडला गस्टिलोच लागतो, म्हणून मी आता दोन्ही लिहितो.

बाबांबद्दल. पुण्याच्या डॉक्टरांनी तो प्रश्न उगाच विचारला नाही. बंद फ्रॅक्चर जुळलं नाही तर आम्ही नेल हलतोय का, रक्तपुरवठा कसा आहे, साखर, तंबाखू हे बघतो. उघडं होतं असं कळलं, की आधी मनात येतो जंतुसंसर्ग. बाहेरून कातडी छान असते आणि आत नेलच्या बाजूने जंतू बसलेले असतात. तसं असेल तर ऑपरेशनची आखणीच बदलते. त्यामुळे जुनी ऑपरेशन नोट मिळवाच. डिस्चार्ज कार्ड वेगळं आणि इनडोअर केस पेपर वेगळा. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं हे कागद जपायला हवेत आणि मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यायला हवेत. दोन वर्षं झालीत म्हणता, म्हणजे मुदतीत आहात. तोंडी मागू नका. अर्ज लिहा, त्यावर बाबांची सही घ्या आणि पोच घ्या.

भूषण_नाशिक

धाग्यातच विचारतो, मिळतंजुळतं आहे. बाई ७१ वर्षांच्या, घरात उभ्या-उभ्या पाय घसरला, डाव्या टिबियाचं वरचं टोक मोडलं, लॅटरल काँडाइल. डॉक्टरांनी एज-रिलेटेड ऑस्टिओपोरोसिस आधीच लिहिलेला आहे, गोळ्याही चालू आहेत. पडल्या आहेत म्हणून एस८२.१२२ए दिला. बरोबर?

ऐरोलीकर

नाही. ऑस्टिओपोरोसिस माहीत आहे आणि धडधाकट हाड मोडलं नसतं इतकं किरकोळ पडणं असेल, तर एम८० (ऑस्टिओपोरोसिसमुळे मोडलेल्या हाडाचा गट), पडल्या असल्या तरी. तुमच्या केसमध्ये एम८०.०६२ए. मार्गदर्शक सूचनांमध्ये हे अगदी स्पष्ट आहे. नोटमध्ये ऑस्टिओपोरोसिस नसता आणि आपण वयावरून धरला असता, तर तीच ताईंवाली चूक झाली असती.

क्लीव्हलंडची_मावशी

मी मूळची दादरची. इथे ओहायोत एका हॉस्पिटलमध्ये क्वेरीचंच काम करते, म्हणजे कोडर आणि डॉक्टर यांच्या मधली. १ ऑक्टोबर २०१५ला आयसीडी-९ गेलं आणि १० आलं, तेव्हा मी कोडिंगला होते. एका रात्रीत उजवं-डावं, उघडं-बंद, भरतंय-भरत नाही हे सगळं कोडच्या आत आलं. डॉक्टर वैतागले होते. माझं काम तेव्हापासून एकच, वैतागलेल्या माणसाला नेमका प्रश्न विचारणं.

कोयनाकाठचीला क्वेरी कशी लिहायची ते दाखवते, कारण क्वेरी टाक म्हणणं सोपं आहे. "हे टाइप तीन-ए आहे ना?" असं विचारायचं नाही. ते डॉक्टरांच्या तोंडात शब्द घालणं झालं, आणि ऑडिटमध्ये उत्तरासकट बाद होतं. पैशांचा उल्लेख तर चुकूनही नको. मी असं लिहीन:

"डॉक्टर, आपल्या ऑपरेशन नोटमध्ये उजव्या टिबियाच्या शाफ्टच्या ओपन फ्रॅक्चरचा उल्लेख आहे. नोंदवलेले निष्कर्ष: नडगीवर सहा सेंटिमीटरची जखम, माती व खडीचे कण, कम्युनिटेड फ्रॅक्चर, पेरिऑस्टियम सुटलेलं, जखम टाक्यांनी बंद केली. आपल्या वैद्यकीय मतानुसार या फ्रॅक्चरचा गस्टिलो टाइप कृपया नोंदवावा: एक / दोन / तीन-ए / तीन-बी / तीन-सी / अन्य / ठरवता येत नाही. फिबुलाचं फ्रॅक्चर उघडं होतं की बंद, तेही कृपया नोंदवावं."

बस. निष्कर्ष त्यांचेच शब्द, पानासकट. पर्याय सगळे, आपल्याला आवडेल तो एकटाच नाही. "ठरवता येत नाही" हा पर्याय गाळायचा नाही, कारण तोही खरा असू शकतो. उत्तर आलं की त्यांनी नोटला जोडपत्र लिहायचं, त्या दिवसाची तारीख आणि सही घालून. जुनी ओळ खोडून नवी घालायची नाही.

उजवं-डावं राहिलं असेल तर मात्र दर वेळी डॉक्टरांना त्रास द्यायची गरज नाही. आता नर्स किंवा दुसऱ्या क्लिनिशियनच्या नोंदीवरून बाजू घेता येते. दोन नोंदी एकमेकींच्या विरुद्ध असतील तर विचारायचं. टाइपला ही सवलत नाही.

आमच्याकडे एक सर्जन आहेत, त्यांना एका वर्षात मी याच कारणासाठी नऊ क्वेरी टाकल्या. दहावीच्या वेळी मी त्यांना लिफ्टपाशी गाठलं आणि म्हटलं, तुमच्या ओपन फ्रॅक्चरच्या टेम्प्लेटमध्ये एक रिकामी चौकट घालून घेऊया, ती भरल्याशिवाय नोट बंदच होणार नाही. दोन मिनिटं उभे राहिले आणि हो म्हणाले. त्यानंतर त्यांना एकही टाकावी लागली नाही. तुमच्या क्लायंटकडे हे सुचवायची वाट असेल तर टीम लीडमार्फत सुचव. एकाच सर्जनचे चार-पाच चार्ट समोर ठेवून सुचव, म्हणजे नुसती तक्रार वाटणार नाही.

बाबांची काळजी घे गं.

कोयनाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, पण मुद्दाम थांबले होते.

रिबटल टाकलं नाही. मावशींच्या मजकुराप्रमाणे क्वेरी लिहून लीडना दाखवली, त्यांनी एक शब्दही न बदलता पुढे पाठवली. तिसऱ्या दिवशी जोडपत्र आलं: टिबिया गस्टिलो तीन-ए, फिबुला बंद. म्हणजे टिबियाचा माझा सी शेवटी बरोबर निघाला आणि फिबुलाचा साफ चुकला. तिथे बी पण नाही, ए. दुरुस्त क्लेम गेला, टिबिया एस८२.२५१सी आणि फिबुला एस८२.४०१ए. दहाव्या आठवड्याच्या व्हिजिटला आता टिबियाला एफ आणि फिबुलाला डी. एकाच पायाच्या दोन हाडांना दोन अक्षरं. ऑडिटच्या एरर कायम राहिल्या, आणि ते मला पटलंय. मी कोड केला त्या दिवशी तो शब्द नोटमध्ये नव्हता.

त्याच सर्जनचे जुने चार्ट चाळले. सहा ओपन फ्रॅक्चरपैकी चारांत टाइप नाही. लीडनी ती यादी क्लायंटच्या कॉलसाठी मागून घेतलीय.

शनिवारी गावी जाऊन आले. डॉक्टर म्हणाले तसा अर्ज लिहिला, बाबांची सही घेतली आणि हॉस्पिटलच्या खिडकीवर दिला. तिथल्या बाईंनी आधी "कार्ड आहे ना तुमच्याकडे, मग अजून काय" असं विचारलं. मी पोच मागितल्यावर आत गेल्या आणि शिक्का मारून आणला. सोमवारी संध्याकाळी भावाला फोन आला आणि त्याने केस पेपरची झेरॉक्स आणली. रात्री फोटो पाठवला. ऑपरेशनच्या पानावर अक्षर लागत नव्हतं, मोठं करून बघितलं. चौथ्या ओळीत आहे: "ओपन, ग्रेड टू, जखम तीन सें.मी., मधला तिसरा भाग." खाली सही आणि वेळ, पहाटे तीन वाजून दहा मिनिटं.

म्हणजे त्या डॉक्टरांनी लिहिलं होतं. कार्डावर उतरवताना राहिलं.

पान पुण्याच्या डॉक्टरांना पाठवलंय. त्यांनी लगेच रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, सीआरपी आणि ईएसआर, आणि गुरुवारी बाबांना घेऊन यायला सांगितलंय. ऑर्थो_मिरज सर, जाताना अजून काही कागद सोबत घ्यायचे असतील तर कृपया सांगा. पहिल्या दिवशीचे एक्स-रे माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत असं आई म्हणते, भाऊ उद्या काढणार आहे.

ऑर्थो_मिरज

ते एक्स-रे आणाच, आणि नंतरचे जितके असतील तितके सगळे, तारखेच्या क्रमाने लावून. मधल्या काळात जखमेतून कधी पाणी किंवा पू आला होता का, ताप आला होता का, अँटिबायोटिक परत सुरू केलं होतं का, हे आईला शांतपणे बसून विचारा आणि कागदावर लिहून घ्या. औषधांच्या दुकानाच्या जुन्या चिठ्ठ्या असतील तर त्याही आणा. आणि कुणी सांगितल्याशिवाय बाबांना गुरुवारपर्यंत घरातली कुठलीही अँटिबायोटिक देऊ नका. आतला नमुना घ्यायची वेळ आली तर त्यात जंतू सापडायला हवेत.